आधी हवं ते सांगून टाका

औषधाच्या दुकानात बसणाऱ्या माणसाला दिवसभरात सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "याचा उपयोग होतो ना हो?" रेवदंड्याच्या बाजारपेठेत माझं दुकान आहे आणि या प्रश्नाला मी वर्षानुवर्षं एकच उत्तर देत आलो, "होतो की! न व्हायला काय झालं?" गिऱ्हाईक खूश, मी खूश, कंपनी खूश. परवा एका कंपनीचा माणूस गुडघेदुखीवरची नवी पावडर घेऊन आला. हातातल्या टॅबलेटवर रंगीत आलेख दाखवत म्हणाला, "सर, जबरदस्त रिझल्ट आहेत." माझ्या तोंडून आपोआप निघालं, "कशाच्या तुलनेत?" तो टॅबलेटवर पुढचा आलेख शोधू लागला. मीही जरा चपापलोच, कारण तो प्रश्न माझा नव्हता. तो शैलाताई लिमयांचा होता.

शैलाताई आमच्या गावातल्या फिजिओथेरपिस्ट. त्यांची नारळ-सुपारीची वाडी, वाडीच्या तोंडाशी घर आणि घराच्या पुढच्या खोलीत दवाखाना. यजमान लवकर गेले, मुलगी लग्न होऊन नाशिकला. बाई बुटक्या, आवाज खणखणीत आणि मनगटं अशी की नारळ सोलायला माणूस आला नाही तर स्वतः पहार घेऊन बसतील. चष्मा कायम कपाळावर चढवलेला आणि तोंडानं सारखं, "अरे, माझा चष्मा कुठे गेला?" पेशंटच्या मणक्यातला दुखरा सांधा त्यांना डोळे मिटून सापडायचा, चष्मा तेवढा सापडायचा नाही.

'कशाच्या तुलनेत?' हे त्यांचं पालुपद होतं. यंदा आंबा बरा आलाय असं म्हणायची सोय नाही. कशाच्या तुलनेत? गेल्या वर्षाच्या, की शेजारच्या वाडीच्या? अमुक तेलानं माझा खांदा मोकळा झाला असं कोणी सांगितलं की विचारणार, "आणि तेल न लावता कितींचा झाला?" एकदा माझी बायको कौतुकानं म्हणाली, "आमची सून फार कामाची आहे हो." शैलाताईंनी सवयीनं विचारलं, "कशाच्या तुलनेत?" आत स्वयंपाकघरात भांडं जोरात आपटल्याचा आवाज झाला. त्या दिवशी चहा जरा उशिरानेच बाहेर आला.

या बाईंनी पन्नाशी उलटल्यावर पुण्याला जाऊन कसलंसं प्रशिक्षण घेतलं आणि परत आल्या त्या 'सिस्टिमॅटिक रिव्ह्यू' हे दोन शब्द घेऊन. दुकानात येऊन काउंटरवर दोन्ही हात टेकून मला म्हणाल्या, "अनंतराव, इतकी वर्षं आपण एकेक अभ्यास वाचून उड्या मारत होतो. एक म्हणतो कॉफी चांगली, दुसरा म्हणतो वाईट. आता असे लोक आहेत, जे एका प्रश्नावर जगभर झालेले सगळे अभ्यास शोधून काढतात, कुठला नीट केलाय नि कुठला ढिसाळ ते पारखतात, आणि मग सगळ्यांचं मिळून काय दिसतं ते सांगतात. बरेचसे फुकट वाचायला मिळतात. आपण वाचायचे." मी म्हटलं, "आपण म्हणजे कोण?" त्या म्हणाल्या, "गुरुवारी तुमचं दुकान दुपारी बंद असतं ना?"

झालं. दर गुरुवारी दुपारी त्यांच्या दवाखान्यात आम्ही तिघं जमू लागलो. शैलाताई, मी आणि चौलचे डॉक्टर मुकादम. मुकादम म्हणजे सज्जन माणूस. आवाज हळू, बोलणं अदबीचं, पेशंटच्या घरी सुतक असलं तर फी घ्यायला विसरणारे. ते पेशंटच्या पलंगावर बसत, ताई संगणकासमोर, आणि मला बसायला व्यायामाचा तो भलामोठा रबरी फुगा. त्या फुग्यावर तोल सांभाळत मी वैद्यकशास्त्र शिकलो.

ताईंचा पहिला नियम असा की संगणकाला हात लावण्यापूर्वी प्रश्न नीट बांधायचा. कोणासाठी, कुठला उपाय, कशाच्या तुलनेत आणि फरक कशात बघायचा. "कंबरदुखीवर काय चांगलं?" हा त्यांच्या लेखी प्रश्नच नव्हता, ते बाजारातलं बोलणं झालं. आणि दुसरा नियम त्यांचा स्वतःचा, तो पुण्याला शिकवलेला नसावा. शोधायला लागण्याआधी प्रत्येकानं मोठ्यानं सांगायचं की आपल्याला कुठलं उत्तर निघायला हवंय. "आधी हवं ते सांगून टाका," त्या म्हणायच्या. "सगळ्यांना काहीतरी हवंच असतं. सांगितलं की निदान बाकीचे लक्ष ठेवतात."

पहिल्याच गुरुवारी विषय होता म्हातारपणी कॅल्शियमच्या गोळ्या घेण्याचा. मी प्रामाणिकपणे म्हटलं, "उपयोग होतो असंच निघावं बुवा. दुकानात खोकी भरून पडलीत." मुकादम इतके हसले की पलंग करकरला. ताई हसल्या नाहीत. "छान," त्या म्हणाल्या, "आता वाचायचं काम तुमचं नाही, डॉक्टरांचं."

मुकादमांना एक शंका कायम सतावायची. रिव्ह्यू करणारे सगळे अभ्यास शोधतात म्हणतात, पण जे छापलेच नाहीत ते कुठून सापडणार? ताई उठल्या. चपला घातल्या आणि आम्हाला बंदरावर घेऊन गेल्या. होड्या परतायची वेळ होती. बांबूंना दोऱ्या ताणून केलेल्या वलांडीवर बोंबील वाळत होते, खाली मांजरं बसली होती. ज्यांच्या जाळ्यात पापलेट लागलं होतं त्यांच्याभोवती ही गर्दी, लिलावाचा आरडाओरडा, फोनवर फोटो. आणि दोन होड्या लांब, खाडीच्या कडेला गुपचूप लागल्या. त्यातली माणसं जाळी खांद्यावर टाकून खाली बघत घरी निघाली. त्यांना कोणी काही विचारलं नाही. ताई म्हणाल्या, "आता इथे उभं राहून कोणी लिहिलं की आज समुद्रात मासा भरपूर आहे, तर? चांगला रिव्ह्यू करणारा त्या दोन होड्यांकडेही जाऊन विचारतो. छापलं नाही त्यांना पत्रं लिहितो, सुरू करताना नोंदवलेले पण निकाल कधी बाहेरच न आलेले अभ्यास शोधतो. सगळे नाही सापडत. पण शोधलेत की नाहीत ते रिव्ह्यूमध्ये लिहिलेलं असतं, आणि आपण आधी तेच बघायचं."

हे सगळं ऐकायला फार गोड वाटतं. पण गावात शैलाताईंची ओळख 'गुरुवारवाल्या' अशी नव्हती, 'मशीनवाल्या बाई' अशी होती. मोठ्या जेवणाच्या डब्याएवढं ते अल्ट्रासाउंडचं यंत्र, त्याला वायरीनं जोडलेली एक गोल मूठ. कंबरेला गार जेल लावायची आणि ती मूठ हळूहळू फिरवत राहायचं. कोर्लईपासून नागावपर्यंतच्या बायका त्या मशीनसाठी यायच्या. मासे विकणाऱ्या, वाडीत पाणी शिंपणाऱ्या, उभ्यानं जन्म काढलेल्या बायका. त्यांतली सगळ्यात नियमित म्हणजे कोळीवाड्यातली हिराबाय. डोक्यावर पाटी वाहून वाहून कंबर कामातून गेलेली, जीभ मात्र शाबूत. बाजार उरकला की पाटी दवाखान्याच्या ओट्यावर उलटी ठेवायची आणि आत येऊन पलंगावर पालथी पडायची. "लाव गो बाय मशीन," एवढंच बोलायची, आणि मग मशीन चालू असेपर्यंत तिचं तोंड थांबायचं नाही.

एका गुरुवारी ताईंनी स्वतःच प्रश्न मांडला. जुनी कंबरदुखी, हे मशीन, कशाच्या तुलनेत, तर मशीन नुसतंच फिरवलं पण चालूच केलं नाही त्याच्या. फरक बघायचा दुखण्यात आणि हिंडण्याफिरण्यात. मग चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि म्हणाल्या, "मला हवंय की उपयोग होतो असं निघावं. फार हवंय." त्यांचा आवाज जरा वेगळाच लागला होता, आणि वाचायलाही त्या स्वतःच बसल्या.

आणि निघालं की तसं! एक रिव्ह्यू सापडला, त्यात मशीनच्या बाजूनं कौल. आणखी शोधलं तर दुसरा, तोही बाजूचाच. ताईंनी टाळी वाजवली. आत जाऊन ओल्या नारळाच्या करंज्या घेऊन आल्या, जणू घरात मुंज होती. मुकादमांनी दोन खाल्ल्या, मी किती खाल्ल्या ते सांगत नाही. मशीन त्या आठवड्यात आणखी जोरात चाललं.

नंतरच्या एका गुरुवारी गेलो तर ताई दारातच उभ्या. चष्मा डोळ्यांवर. बसा म्हणाल्या नाहीत. "मी चुकले," म्हणाल्या. "ते दोन रिव्ह्यू आहेत ना, त्यांच्या पोटातली यादी शेजारी शेजारी लावून बघितली. दोघांनी तेच तेच इवलेसे अभ्यास घेतलेत. साक्षीदार दोन नाहीत, एकच आहे, दोनदा बोलावलेला. आणि त्यानंतर झालेला एक तिसरा रिव्ह्यू आहे, कितीतरी कडक चाळणीचा. तो म्हणतो, खात्रीनं सांगावा, पेशंटला जाणवावा असा फायदा दिसत नाही." मुकादम समजुतीच्या सुरात म्हणाले, "ताई, नजरचूक होते एखादी." त्यावर त्या एकदम उसळल्या. "नजरचूक नाही डॉक्टर! तिसरा तिथेच होता, शोधाच्या दुसऱ्या पानावर. मला हवं ते सापडलं आणि मी शोधायचं थांबवलं. कॅल्शियमच्या वेळी तुम्हाला थांबू दिलं होतं का? तेव्हा पाताळापर्यंत खणायला लावलं, कारण खोकी यांची पडली होती." मला त्या बाईंचा इतका आदर कधी वाटला नव्हता, आणि इतकी भीतीही. आता या काय करणार ते मला दिसत होतं.

त्यांनी मशीन बंद केलं. मोठी मोहीम वगैरे काही काढली नाही, फक्त कंबरदुखीच्या पेशंटला लावायचं सोडलं. त्याऐवजी साधे व्यायाम, चालणं, पाटी उचलायची रीत. हेही त्यांनी वाचून पारखून घेतलं होतं आणि त्याचा फायदासुद्धा थोडकाच असतो, हे पेशंटला सांगूनच शिकवायच्या. थोडकाच फायदा देणाऱ्या दवाखान्यात कोण येणार, सांगा. हिराबायचा मशीनशिवायचा पहिला दिवस मी पाहिला. ताईंना मलमपट्टीचं सामान द्यायला गेलो होतो.

"बाय, मशीन बिघारली काय?"

"नाही गं. चांगली आहे. पण तुझ्या कंबरेला तिचा उपयोग होतो याची मला आता खात्री नाही."

"तुला खात्री नाय. मना हाय ना! कंबर माझी हाय."

"हो, कंबर तुझीच आहे. पण मला खात्री नसताना मी ती तुला लावली, तर मी तुझ्याशी खोटं वागले असं होईल."

"मंग इतकी वरसा काय केलास?"

ताई म्हणाल्या, "इतकी वर्षं मला माहीत नव्हतं, हिराबाय. आता माहीत झालंय."

हिराबाय पलंगावरून उठली. पदर खोचला, ओट्यावरची पाटी उचलली आणि मागे न बघता गेली. आठवड्याभरात सगळ्या कोळीवाड्यात झालं की शैलाबायनं मशीन काढली, तिला आता काम नको झालंय. बाकीच्या बायकाही पांगल्या. अलिबागला लायटीवाला, एसीवाला नवा दवाखाना निघाला होता, रिक्षा भरभरून तिकडे जाऊ लागल्या. ताईंच्या ओट्यावर चपला दिसेनाशा झाल्या.

मुकादमांना हे बघवेना. एका गुरुवारी ते म्हणाले, "ताई, मी काय म्हणतो, त्या मशीननं नुकसान तर होत नाही ना? लावा. बायकांना बरं वाटतं. दवाखाना बंद पडला तर व्यायाम तरी कोण शिकवणार त्यांना?" मला वाटलं बिनतोड आहे. ताईंनी खुर्ची त्यांच्याकडे वळवली. मग म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्हाला कुठलं उत्तर हवंय?"

"तुमचा दवाखाना चालावा, हे."

"मलाही तेच हवंय. म्हणून तर या बाबतीत माझ्यावर भरवसा नको."

हिराबाय पुन्हा आली ती भर दुपारी, गुरुवारीच, आम्ही तिघं बसलेलो असताना. उपचाराला नव्हे, भांडायला. दारातच उभी राहिली. "अलिबागला गेल्ते," म्हणाली. "मोठी मशीन हाय. लायटी हायेत. पोरगी मशीन लावते नि फोनात बघत बसते. बोललं तर हूं हूं करते."

"आणि कंबर?" ताईंनी विचारलं.

"हाय तशीच हाय. कंबरेचा काय घेऊन बसलंस?" हिराबायचा आवाज चढला. "तू स्टुलावर बसायचीस माझ्याजवल. मी बोलायची, तू आयकायचीस. आता तू येयाम दाखवतस नि सांगतस, जा, घरी कर. घरी कोन हाय आयकायला? पोरं येतात, जेवतात, जातात. मना मशीन नको गो तुझी. तू स्टूल कनाला उचललास?"

खोलीत कोणी हललं नाही. मी फुग्यावर होतो तरी हललो नाही. ते स्टूल खरोखरच कोपऱ्यात भिंतीला लावून ठेवलं होतं, त्याच्यावर टॉवेलांची चळत होती. मशीन फिरवायचं तर बसावं लागे, व्यायाम दाखवायला उभं राहिलेलं चालतं, म्हणून ते तिकडे गेलं होतं. एवढंच.

शैलाताईंनी टॉवेल उचलून पलंगावर ठेवले. स्टूल आणून खोलीच्या मध्ये ठेवलं. आणि आमच्याकडे वळून, जवळजवळ स्वतःवरच वैतागून म्हणाल्या, "आपण विचारलं मशीननं दुखणं कमी होतं का. स्टुलाचा प्रश्न आपण विचारलाच नव्हता!"

मुकादमांनी संगणक पुढे ओढला. त्या दुपारी आम्ही तो प्रश्न बांधायचा प्रयत्न केला. उपचार करणाऱ्यानं जवळ बसून ऐकणं, कशाच्या तुलनेत, न बसता सांगून मोकळं होण्याच्या. ताईंनी नियमाप्रमाणे आधी आपल्याला काय हवंय ते सांगून टाकलं. आजूबाजूचं थोडंफार सापडलं, नेमकं असं हाताला काही लागलं नाही. या वेळी त्यांनी डॉक्टरांना थांबू दिलं नाही, पार शेवटच्या पानापर्यंत जायला लावलं. शेवटी म्हणाल्या, "माहीत नाही. हे उत्तर आहे, 'नाही' नव्हे. मशीनचं आपल्याला बरंचसं कळलंय, स्टुलाचं कळलेलं नाही. मग स्टूल ठेवायला माझी हरकत नाही, फक्त त्याला औषध म्हणायचं नाही." हिराबाय तोपर्यंत पलंगावर आडवी होऊन आम्हा तिघांच्या बोलण्यात मध्ये मध्ये तोंड घालत होती. तिनं जांभई दिली.

त्यानंतर मशीन माळ्यावर गेलं. हिराबाय ताईंच्या समोरच व्यायाम करायची, ताई स्टुलावर बसून ऐकायच्या आणि मध्येच, "गुडघा सरळ," म्हणायच्या. पूर्वीच्या काही बायका परत आल्या, पुष्कळशा आल्याच नाहीत. दवाखाना बंद पडला नाही, पण पूर्वीसारखा भरलाही नाही. ताईंना त्याचं वाईट वाटायचं आणि ते त्या लपवायच्या नाहीत. "वाईट वाटतंय," असं सरळ सांगायच्या आणि कामाला लागायच्या. मला विचाराल तर धीट माणूस म्हणजे हाच. गावात मोठमोठ्यानं खरं बोलणारे पुष्कळ आहेत, पण त्यांचं खरं कायम दुसऱ्याच्या दुकानाबद्दल असतं.

पुढे त्यांचे अंगठे दुखून कामातून गेले. या धंद्यातल्यांचे जातात म्हणे. बाटलीचं झाकण उघडेना, नारळ तर दूरच. नाशिकहून लेकीचे फोनवर फोन यायला लागले आणि शेवटी ताईंनी जायचं ठरवलं. शेवटच्या गुरुवारी विषय त्यांच्या अंगठ्यांचाच होता. पट्टा बांधून थोडा आराम पडू शकतो, बाकी मलमं आणि शेक यांच्याबद्दल ठाम काही नाही, असं निघालं. "इतकी वर्षं लोकांचे सांधे धरले," त्या हसून म्हणाल्या, "आणि माझ्यापाशी आलं की शास्त्र म्हणतं, बघू." मुकादमांनी त्या दिवशी चष्मा दोनदा पुसला.

निघायच्या आदल्या दुपारी मी त्यांना पट्टा द्यायला गेलो. सामान बांधून ओट्यावर काढलेलं होतं, त्याच्या शेजारी हिराबायची पाटी उलटी ठेवलेली. दारातून आत पाहिलं. ताई पेशंटच्या पलंगावर बसल्या होत्या, चष्मा कपाळावर, डोळे मिटलेले. समोर स्टुलावर हिराबाय. मांडीवर ताईंचे दोन्ही हात घेऊन, कसलंसं कोमट तेल लावून ती अंगठे चोळत होती. बोलत काहीच नव्हती. तिला गप्प बसलेली मी पहिल्यांदाच पाहत होतो.

मग तिनं विचारलं, "बरा वाटतं काय, बाय?"

ताईंनी डोळे उघडले नाहीत. "मला बरं वाटायलाच हवंय, हिराबाय," त्या म्हणाल्या. "तेव्हा माझं काही खरं धरू नकोस."

हिराबायचे हात थांबले. "मंग सोडू काय?"

"नको," शैलाताई म्हणाल्या. "सोडू नकोस."

मी पट्टा पाटीशेजारी ठेवला आणि आवाज न करता परत फिरलो.